राजपालची शंका आणि चंद्रीचा चीक

मुरुमच्या आसपासच्या गावांत माझ्या नवऱ्याला डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. कुणाची गाय-म्हैस माजावर आली की त्याला फोन येतो आणि तो मोटारसायकलच्या मागं नायट्रोजनचा कॅन बांधून निघतो. त्या कॅनमध्ये वळूच्या रेताच्या कांड्या गोठवून ठेवलेल्या असतात. एक कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि जनावर भरवून यायचं, हा त्याचा धंदा. सरकारी नोकरी नाही, प्रशिक्षण घेतलेला खासगी माणूस आहे. पण गाय गाभण राहिली की त्या घरात त्याला खऱ्या डॉक्टरपेक्षा जास्त मान मिळतो, त्याला मी काय करणार?

बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे, संसार केलेल्या बाईला तेवढी मोकळीक हवी. हे सगळं लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही. म्हशीचं नाव तेवढं खरं आहे, तिला काय फरक पडतो!

लग्न होऊन आले तेव्हा या घरातल्या बोलण्याचाच मला पहिला धक्का बसला. तुळजापूरला माझ्या माहेरी असल्या गोष्टी कुणी कुजबुजतही नसे. इथं सासरे भाकरी मोडता मोडता विचारायचे, "आज किती उलटल्या रं?" उलटली म्हणजे भरवलेलं जनावर गाभण न राहता पुन्हा माजावर आलं. मग राजपाल, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांसमोर सांगत बसायचा, कुठल्या वळूचं रेत दाट, कुठल्याचं पातळ. मी ताटात मान घालून बसायचे. मी अंगणवाडीत बडबडगीतं शिकवणारी बाई, मला हे कुठं झेपणार? पण वर्षभरात मीच विचारायला लागले, की आज किती उलटल्या.

दुसरी गोष्ट चिकाची. जनावर व्यालं की पहिला दाट चीक शेजारीपाजारी वाटतात. तो आमच्याकडं हमखास यायचा, कारण कांडी आमच्या डॉक्टरची. आणि चिकाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. मूठभर ज्वारी नाहीतर गुळाचा खडा घालून द्यायचा, म्हणजे त्या घरचं दुभतं टिकतं म्हणतात. थंडीत तर खरवस करून करून माझे हात दुखायचे. गावातल्या गोठ्यागोठ्यात वासरं आणि आमच्या घरात पाळणा नाही, हे बायका तोंडावर म्हणत नसत. भांडं हातात देताना माझ्या पोटाकडं बघत, एवढंच. मला संताप यायचा. मी मुळातच रागीट आहे.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. जयंतीला आमच्या विहारासमोर रक्तदान शिबिर असतं. राजपाल दरवर्षी कुणाची तरी म्हैस अडल्याचं सांगून तिथून पळ काढायचा. दिवसभर जनावरांच्या अंगात हात घालणारा हा माणूस सुईला भितो. त्या वर्षी वस्तीतल्या पोरांनी त्याला चिडवून चिडवून, अक्षरशः उचलून नेऊन खाटेवर झोपवलं. रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा घेऊन आला, आणि जणू लढाई जिंकल्यासारखा संध्याकाळभर दंडावरची पट्टी दाखवत फिरला.

काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, की एकदा येऊन भेटा. तिथून सरकारी दवाखान्यात पाठवलं. परत आला तो पायातली चप्पलही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"पौर्णिमा, मला एचआयव्ही हाय," तो म्हणाला. "तुला झालाय का ते उद्या सकाळी बघायचं. अजून कुणालाच सांगितलं न्हाय. तुला पयलं सांगतोय."

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी झाली. मला लागण नव्हती. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हाही नव्हती. दोन वर्षांच्या संसारात मी कशी वाचले, हे मला अजून कळलेलं नाही. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं.

हे कुठून आलं, ते मी एकदाच विचारलं आणि त्यानं एकदाच सांगितलं. लग्नाआधी तो ट्रकवर क्लीनर होता, तेव्हाचं होतं. मी ताट आपटलं, बॅग भरली आणि तुळजापूर गाठलं. आईला कारण सांगितलं नाही. घराच्या ओट्यावर बसून मी देवीला आलेल्या बसमधून उतरणारी नवी जोडपी बघायचे आणि आणखीच भडकायचे. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्याला लपवता आलं असतं. फोन त्याच्याच मोबाईलवर आला होता. लपवलं असतं तर मी कधीतरी त्याच्यासोबत आजारी पडले असते आणि दोष कुणाचा हेही मला कळलं नसतं. स्वतःची गोळी सुरू व्हायच्या आधी त्यानं माझी तपासणी करून घेतली. मी परत आले. माफ केलं का म्हणाल, तर एखाद्या दिवशी केलं आणि एखाद्या दिवशी नाही केलं. पण परत आले ती पूर्ण परत आले.

मग गोळी सुरू झाली. सरकारी केंद्रातून फुकट मिळते, रोज एक, जेवण झाल्यावर. राजपालनं ती एकदाही चुकवली नाही. जनावरांच्या लसीचे दिवस पाठ असणारा माणूस आहे, त्याला शिकवावं लागलं नाही. निरोध वापरत होतोच. वर्ष सरलं आणि एके दिवशी केंद्रातल्या डॉक्टर कृष्णराज यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. शेजारी समुपदेशन करणाऱ्या राजेश्वरी मॅडम होत्या.

"सलग दोन तपासण्यांत रक्तात विषाणू सापडलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरा कुठला गुप्तरोगही नाही. गोळी अशीच रोज चालू ठेवलीत तर तुमच्यापासून यांना लागण होणार नाही. मूल हवं असेल तर आता हरकत नाही."

मला तिथंच उठून नाचावंसं वाटलं. राजपालच्या कपाळावर मात्र आठ्या.

"साहेब, हे रक्ताचं झालं," तो म्हणाला. "रेताचं कुणी बघितलं?"

राजेश्वरी मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी राजपालचा पाय दाबला, पण तो कशाला थांबतोय.

"आमच्या धंद्यात रेत वायलं तपासतेत, साहेब. वळू वरनं धडधाकट, रक्तबी चांगलं, आन् रेतात रोग निघतो. एका वळूपायी शंभर गोठे बसतेत. मग माणसाचं नुसतं रक्त बघून तुमी कसं सांगता?"

डॉक्टर रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून बसले. म्हणाले, प्रश्न वेडा नाही, जगभरच्या लोकांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मग त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. वीर्य म्हणजे नुसतं बीज वाहून नेणारं पाणी नव्हे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, आणि ते निरोप वीर्यातही असतात. एचआयव्ही झाला आणि औषध नसलं की या निरोपांचा तोल बिघडतो. 'धोका आहे, धावून या' असं सांगणारे निरोप वाढतात. विषाणूबरोबर तेही बाईच्या शरीरात जातात, तिथलं अस्तर सुजवतात आणि तिच्याच रक्षक पेशींना दाराशी बोलावतात.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणाले. "रक्षकच आले ना?"

राजेश्वरी मॅडम हसल्या. त्या येरमाळ्याच्या. "येडेश्वरीच्या यात्रेला आलाय कधी?" त्यांनी विचारलं. "गर्दीत स्पीकरवर पुकारतात, खिसेकापूंपासून सावध राहा. ते ऐकून तुम्ही काय करता?"

"खिशावर हात जातो," राजपाल म्हणाला.

"आणि खिसेकापू तेच बघत उभा असतो. पाकीट कुठं आहे, हे तुम्हीच त्याला दाखवून देता. इथं तसंच होतं. हा विषाणू नेमका त्या रक्षक पेशींतच शिरतो. शरीर त्यांना हाका मारतं, त्या धावत येतात आणि त्याला हवं ते समोर आयतं मिळतं."

राजपाल खुर्चीत पुढं सरकला. मग म्हणाला, "आन् गोळीनं स्पीकर बंद व्हतो का?"

इथं डॉक्टरांनी खोटं बोलून सुटका करून घेतली असती तर माझे सहा महिने वाचले असते. पण ते प्रामाणिक निघाले. "बराच खाली येतो. काहींच्यात थोडा वाजत राहतो," ते म्हणाले. "पण राजपाल, यात्रेत खिसेकापूच नसेल, तर स्पीकर दिवसभर वाजला म्हणून कुणाचं पाकीट जाणार आहे?" आणि त्यांनी सांगितलं, की एकाला लागण आहे नि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांचे मोठमोठे अभ्यास झाले आहेत. निरोध न वापरता ती जोडपी वर्षानुवर्षं एकत्र राहिली. ज्याचा विषाणू गोळीनं असा दबून राहिला होता, त्याच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण त्या अभ्यासांत सापडलं नाही.

एवढ्या सगळ्यातून राजपालनं घरी काय आणलं? "स्पीकर वाजत राहतो म्हणाले."

पुढचे सहा महिने आमच्या घरात हा स्पीकर वाजत होता. मी जवळ गेले की हा कूस बदलायचा. मी विषय काढला की वळूच्या गोष्टी सांगायचा, अमक्या वळूचं असं झालं, तमक्याचं तसं झालं. "आमच्यात शंका आली की कांडी फेकून देतेत," एकदा म्हणाला. मी म्हणाले, "मग आता तुम्हालाच उकिरड्यावर नेऊन टाकू का?" तो हसलाही नाही. तेव्हा मला कळलं, की हा हट्ट नाही, भीती आहे. मी वाचले होते ते एकदा. दुसऱ्यांदा नशीब वापरायला तो तयार नव्हता. कळलं म्हणून माझा राग गेला असं मात्र नाही.

आणि मग एके दिवशी त्यानं जे केलं, ते जगात फक्त त्याच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. स्वतःचं वीर्य त्यानं स्वच्छ डबीत घेतलं, खिशात ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथं सूक्ष्मदर्शक आहे. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. यानं काचपट्टी लावली आणि डोळा टेकवला. विषाणू त्या यंत्रात दिसत नसतो हे त्याला माहीत होतं, पण माणसाला काहीतरी बघायचं असतं ना! तेवढ्यात गौरीशंकर साहेब, म्हणजे तिथले पशुवैद्यक, आत आले.

"काय बघतोस रे?" म्हणत त्यांनी याला बाजूला केलं आणि स्वतःच डोळा लावला. "कुठल्या वळूचं?"

राजपालनं डबी हळूच खिशात सारली. "इथलाच हाय, साहेब."

"जरा बारीक दिसतात. जात कोणती?"

"देशी."

"हं. पण हालचाल झकास आहे. बघतोस काय, वापर की!"

संध्याकाळी घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून चुलीपुढं आडवी झाले. काचपट्टीचं काय केलं विचारलं, तर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग पुरून टाकली होती, एवढं भान त्याला होतं. तोही हसत होता. हसता हसता त्याचे डोळे भरले. "लई जोरात पळत होते गं," तो म्हणाला. "त्यास्नी काय म्हायती, बापाच्या रक्तात काय हाय." त्या रात्रीसुद्धा त्यानं कूस बदललीच.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही मुरुमहून परत येत होतो. वाटेत मल्लम्मा आजींचा फोन आला, की चंद्री माजावर आली आहे. चंद्री त्यांची म्हैस, दोनदा भरवून दोनदा उलटलेली. आजींचा मुलगा तिला विकायच्या गोष्टी करत होता. मल्लम्मा आजी लिंगायत, कर्नाटकातलं माहेर, बोलण्यात कानडी हेल. त्यांच्या सासूच्या काळात त्या घरचं भांडं आमच्या वस्तीत आलं नसतं. त्या मात्र चीक घेऊन सरळ उंबरा ओलांडतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

मी गोठ्याच्या दाराशी उभी राहिले. राजपालनं कांडी कोमट पाण्यात धरली आणि म्हणाला, "आज्जी, चंद्रीला इकू नका. गर्भाशय चांगलं हाय. कांडीबी नीट तपासलेली हाय. एवढ्या वेळंला माझ्यावर भरोसा ठेवा."

आजींनी कपाळावरचा पदर सारखा केला. "मला त्या कांडीत काय दिसतंय, डॉक्टरा? म्या काय आत शिरून बघितलं? तुझा हात बघते, तू सांगतोस ते ऐकते. अय्यो, सगळंच बघून करायचं म्हटलं तर गोठ्यात एक जनावर उभं राहील का?"

त्या म्हशीबद्दल बोलत होत्या. राजपालनं काम संपवलं, हात धुतले आणि मोटारसायकल काढली. घर आल्यावर मी तोंड उघडलं.

"गावातली एक अडाणी म्हातारी न बघता तुमच्यावर भरोसा ठेवते," मी म्हणाले. "तुमचं पोट त्या भरोशावर चालतं. आणि ज्यांनी हेच काम शिकण्यात आयुष्य घातलं, त्यांच्यावर तुम्हाला भरोसा ठेवता येत नाही. मला मूल हवंय. ते तुमचं हवंय. आणि अंग माझं आहे, तर भ्यायचं की नाही हे मला ठरवू द्या. मी भीत नाही."

तो कॅन उतरवत होता. तो तसाच हातात धरून उभा राहिला. "आन् तुला काय झालं तर?"

"दोघं मिळून पुन्हा डॉक्टरांकडं जायचं, सगळं सांगायचं, त्यांनी हो म्हटलं की मग," मी म्हणाले. "पण त्यांनी हो म्हटल्यावर तुमचं 'नाही' चालणार नाही."

आम्ही गेलो. तपासणी पुन्हा झाली, रक्तात विषाणू नव्हता. डॉक्टर हो म्हणाले. राजेश्वरी मॅडम राजपालला म्हणाल्या, "स्पीकरकडं लक्ष देऊ नका." पुढं दीड-दोन महिन्यांनी माझी पाळी चुकली. चंद्रीही त्या खेपेला उलटली नव्हती.

गरोदरपणात माझी तपासणी वारंवार होत राहिली. दर वेळी राजपाल दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली उभा असायचा आणि मी बाहेर येताना माझ्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघायचा. "नाही," म्हटलं की मगच मान वर करायचा. मी त्याला चिडवायचे. पण खरं सांगते, आतल्या बाकावर बसल्यावर माझेही हात गार पडायचे. मी भीत नाही असं सांगून आले होते ना, म्हणून कुणाला दाखवत नव्हते.

त्या बाकावर बसून मला एक गोष्ट सुचायची. डॉक्टर ज्या जोडप्यांबद्दल बोलले होते, ती कोण असतील? कुठल्या कुठल्या देशांतली माणसं. कुणी येऊन विचारलं असेल, तुमच्या अंथरुणात काय चालतं ते आम्हाला सांगाल का? आणि ती हो म्हणाली. कुणी पुरुष लाजत, हातात बाटली घेऊन दवाखान्याच्या संडासात गेले असतील, म्हणून त्या बाटलीतले निरोप वाचता आले. कुणी बायकांनी माझ्यासारखेच गार हात घेऊन सुई टोचून घेतली असेल, आणि तेव्हा तर त्यांना 'काही होणार नाही' असं सांगणारंही कोणी नव्हतं. त्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नाही. त्यांना माझं गाव नकाशावर सापडायचं नाही. पण माझ्या पोटात जे हलत होतं, त्यात त्यांचा वाटा होता. त्यांचे उपकार मी कुणाला फेडू? मनातल्या मनात हात जोडायचे, तेवढंच.

मुलगी झाली. नाव श्रावस्ती ठेवलं. बाळंतपणानंतर पुन्हा माझी तपासणी झाली, तेव्हाही लागण नव्हती. आईलाच नाही म्हटल्यावर बाळाचा प्रश्नच उरला नाही. राजपालनं कपडे वाळत घालायच्या दोरीशी उभं राहून ते ऐकलं आणि माझ्याच ओल्या साडीत तोंड खुपसलं.

श्रावस्ती जन्मली त्याच आठवड्यात चंद्रीही व्याली. मल्लम्मा आजी पितळी तांब्यात चीक घेऊन आमच्या दारात आल्या, तर घराला कुलूप, आम्ही दवाखान्यात. शेजारणीकडं तांब्या ठेवून गेल्या. शेजारणीनं खरवस करून आणून दिला, आणि बाळंतपणाच्या गडबडीत तो तांब्या आमच्याकडंच राहिला.

मी हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी मला तो फळीवर दिसला. मी गुळाचा डबा शोधायला लागले, तर राजपाल म्हणाला, "राहू दे." त्यानं एका हातात तांब्या घेतला, दुसऱ्या हातानं दुपट्यासकट श्रावस्तीला उचललं आणि निघाला. "अहो, भांडं रिकामं न्यायचं नसतं!" मी ओरडले आणि पायात चप्पल अडकवून मागं धावले.

मल्लम्मा आजी अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. राजपालनं तांब्या त्यांच्या शेजारी ठेवला आणि पोरीला मांडीवर दिलं.

"आज्जी, भांड्यात घालायला घरात एवढंच हुतं," तो म्हणाला.

आजींनी सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि पोरीचं नाक, कान, बोटं नीट बघून घेतली. मग वर बघितलं तर राजपाल अंगणात उभा राहून उघड उघड रडत होता.

"अय्यो, पोरगी झाली म्हणून रडतोस का रे?" त्या खवळल्या. "एवढा डॉक्टर तू, आन् तुला कालवडीचं मोल कळंना?"

"न्हाय, आज्जी," राजपाल म्हणाला. "पोरीची आई बरी हाय, म्हणून."

आजींनी मान डोलावली. त्यांना वाटलं, तो बाळंतपणाचंच बोलतोय. "व्हय," त्या म्हणाल्या, "ते मोठंच असतंय," आणि त्यांनी मला हात धरून शेजारी बसवून घेतलं.